आमच्या घरातली फेंट

नाहूर, गुरुवार

प्रिय सुलक्षणा,

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. तुमच्या घरी आलेली पत्रं आधी कोण फोडतं ते मला ठाऊक नाही, आणि हे विचारायची ही वेळही नाही. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेली की वाच. मी विद्याधरची आई. मागच्या रविवारपर्यंत तुझी होणारी सासू होते, येत्या रविवारनंतर कोण असेन ते देव जाणे. तुझं कोपर कसं आहे? पडताना पाटाची कड लागली, ते मी बघितलं होतं. दोन दिवस सगळं अंग कुटून काढल्यासारखं दुखलं असेल. जीभ कडेला चावली गेली असेल तर इतक्यात तिखट खाऊ नकोस, थंड दूध पी. हे या बाईला कसं कळलं, असं तुझ्या मनात येईल. सांगते, पण माझ्या पद्धतीने, जरा गोल फिरून. सरळ सांगायची सवय मोडून फार वर्षं झाली.

त्या दिवसाचं तुला काही आठवत नसणार, म्हणून तुला सांगते. तुमच्या बोरिवलीच्या घरात पंखा एक आणि माणसं दारापर्यंत. तू पाटावर बसलीस, जयंती वन्संनी तुझी ओटी भरली, साखरेचा पुडा तुझ्या हातात दिला. जयंती वन्सं म्हणजे विद्याधरची आत्या, हिरव्या शालूतली, सगळ्यांना हुकूम सोडणारी. बाकी सगळे फोटोवाल्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते, कारण तुझे डोळे एकाएकी समईवर थांबले आणि तिथून हललेच नाहीत. मग ओठाचा कोपरा उडायला लागला. देवा, इथे नको, एवढ्या माणसांत नको, असं मी मनात म्हटलं, आणि क्षणभर मला खरंच कळेना की मी हे कोणासाठी म्हणतेय. मग तू पडलीस. साखर सगळी सतरंजीभर. बायका किंचाळल्या. वन्सं ओरडल्या, "कांदा आणा गं कोणीतरी! नाहीतर चप्पल हुंगवा!" तुझी आई जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, नुसती भीती होती. तो चेहरा मी ओळखला. माझ्या आईचाही तसाच होता.

आणि आमचा विद्याधर उठला. लोकांनी तुला सांगितलंच असेल. त्याने समई बाजूला सरकवली, तुला हळूच डाव्या कुशीवर वळवलं, खांद्यावरच्या नव्या उपरण्याची घडी करून तुझ्या डोक्याखाली दिली. कोणी तुझे हात दाबून धरायला गेलं तर म्हणाला, "धरू नका, सोडा." घड्याळाकडे नजर ठेवून बसला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "काही नाही, फेंट आहे. येईल शुद्धीवर." आणि तुझ्या भावाकडे वळून म्हणाला, "दार लावा." तुझ्या बाबांनी तो शब्द बुडत्याने काडी धरावी तसा धरला. "हो हो, फेंटच! सकाळपासून उपास, त्यात हा उकाडा!" तू डोळे उघडलेस, कोणीतरी सरबत आणलं, लोक पुन्हा बोलायला लागले. काय शांत मुलगा, काय धीराचा, असं चार बायका मला सांगून गेल्या. मी मान डोलवत होते आणि सतरंजीवरची साखर गोळा करत होते. धीराचा वगैरे काही नाही गं. त्याला ते शिकवलेलं आहे. सहा वर्षांचा असल्यापासून शिकवलेलं आहे, दार लावण्यासकट.

आमच्या घरात फेंट येते ती मला. आई पडली की तिला कुशीवर वळवायचं, पाटा-वरवंटा दूर सारायचा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, ओरडायचं नाही, शेजारच्यांना बोलवायचं नाही, दार लावून घ्यायचं. बाकीची मुलं पाढे पाठ करायची, तो हेही पाठ करायचा. एकदा शेजारच्या जानकीबाई पीठ मागायला आल्या, तर हा दारातूनच म्हणाला, आई न्हायला बसलीय, नंतर या. मी आत जमिनीवर होते. शुद्धीवर आले तेव्हा माझ्या उशाशी बसून हा चित्रांचं पुस्तक बघत होता. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला. आता तेच आठवलं की काटा येतो.

हा शब्द घरात कसा आला ते ऐक. आमचं लग्न झालं त्याच वर्षी आम्ही दोघं मनोरीला यांच्या मित्राकडे निघालो होतो. मार्व्याहून होडी. पाण्यावर ऊन लखलखत होतं, मी त्याकडे बघत राहिले, आणि पुढचं मला आठवतं ते एका कोळणीच्या मांडीवर डोकं आणि नाकाशी ओली चप्पल. तो वास अजून गेलेला नाही. पायातली चप्पल कोणी हातात घेतली तरी मी मान फिरवते. हे समोर बसले होते, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, झालं, आता ही होडी उलटी फिरणार आणि मला थेट माहेरी नेऊन सोडणार. माझ्या आईवडिलांनी यांना काहीही सांगितलं नव्हतं. सासरी जाताना आईने सुंठीच्या डब्यात तळाशी गोळ्या घातल्या आणि म्हणाली, रोज एक घे, पोटदुखीची आहे म्हणून सांग. आमच्याकडे त्या दुखण्याचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत. तुला 'ते' झालं, एवढंच म्हणायचे.

आम्ही घरी परतलो. सासूबाईंना होडीतल्या कोणाकडून तरी आधीच कळलं होतं. त्या ओट्यावरच उभ्या. "काय झाला तिका?" यांनी चप्पल काढता काढता सांगितलं, फेंट आली. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही. "फेंट म्हंजे काय रे?" तर हे म्हणाले, नाजूक माणसांना येते, इंग्रजांच्या बायकांना फार. झालं! माझी सासू चाळभर सांगत सुटली, "आमची सून नाजूक हा, तिका फेंट येता." त्या चाळीत माझ्याआधी कोणालाही फेंट आलेली नव्हती. दोन बायकांना पुढच्या महिन्यात माझ्या देखत आली. हसू नकोस, अगदी खरं सांगतेय. त्या एका शब्दावर मी या घरात सत्तावीस वर्षं राहिले. हे मला कधी एक उणा शब्द बोलले नाहीत. गोळ्या नाहूर-मुलुंडला आणत नाहीत, घाटकोपरला उतरून आणतात, म्हणजे इथल्या कोणा दुकानदाराला कळायला नको. इतकं जपणारा नवरा मिळाला म्हणून मी दर चतुर्थीला देवाला नारळ फोडते.

पण सुलक्षणा, जपणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. भीती एक दिवस गेली नाही. मी मोरीच्या दाराला कधी कडी लावली नाही. आतून बादली लावते आणि मोठ्याने स्तोत्र म्हणते, म्हणजे आत कोणी आहे हे कळावं आणि आवाज थांबला तर तेही कळावं. लोकांना वाटतं, बाई काय भाविक! कोणाचं तान्हं मूल मी उभ्याने घेतलं नाही, आधी जमिनीवर बसते, मग हात पुढे करते. स्वतःच्या मुलालाही घेतलं नाही. त्याला मी भिंतीच्या कोपऱ्यात गादीवर बसून पाजलं, दोन्ही बाजूंना उशा लावून. कढईत तेल तापलं की मी एक पाऊल मागे उभी राहते. आणि तो पोटात असताना नऊ महिने एकच भीती, याच्यात हे उतरलं तर? तो खेळताना धडपडला तरी मी धावत जाऊन आधी त्याचे डोळे बघायची. सव्वीस वर्षांचा झाला, त्याला काही नाही. तरी अजून तो बोलता बोलता मध्येच थांबला की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघते. तुझंही असंच काहीतरी असेल. फळ्याकडे तोंड करून उभी असतेस तेव्हा तुला काय वाटत असेल, याचा विचार मी रविवारपासून करतेय.

आता परतीचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. आम्ही मेटाडोर केली होती. आरे कॉलनीतून येत होतो, गोठ्यांचा वास, दोन्ही बाजूंना झाडं, संध्याकाळ होत आलेली. हे ड्रायव्हरशेजारी, मागे वन्सं, मी, विद्याधर. तुमच्या घरची ओटीची साडी माझ्या मांडीवर होती. वन्संनी तोंड उघडलं. "श्याम, तू काय पण म्हण, ती फेंट नव्हती हां. आमच्या बिल्डिंगमधल्या बाईला येते ना, सेम तसंच. फसवतायत यार आपल्याला!" मला वाटलं, हे नेहमीसारखे हसून विषय बदलतील. सत्तावीस वर्षं तेच केलंय त्यांनी. पण हे मागे वळले आणि ऑफिसात हाताखालच्या कारकुनाला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "फेंट आणि फीट यात फरक असतो. फेंट आली की माणूस मऊ पडतो, लगेच उठतो. फीटमध्ये ताठ होतो, झटके येतात, उठल्यावर कुठे आहोत ते कळत नाही. ती फीट होती." मग म्हणाले, लपवून लग्न लावलं तर ते कायद्याने मोडता येतं, रविवारी त्यांना बोलवून घेऊ आणि सोक्षमोक्ष लावू.

मला काय वाटलं सांगू? माझ्या मांडीवरची साडी घसरली तरी मला उचलता येईना. इतका नीट फरक त्यांना ठाऊक होता. शब्दन् शब्द. अगं, मीच तशी ताठ होते, मलाच तसं कळेनासं होतं, विद्याधरला पाच मिनिटं मी 'अहो जाहो' करते शुद्धीवर येताना. घरच्या बायकोला झालं की ती फेंट, आणि परक्याच्या लेकीला झालं की फीट. आणि मी गप्प बसले. मी कशाला घाबरत होते माहीत आहे? विद्याधर आता मान वळवून माझ्याकडे बघेल याला. त्याने बघितलं नाही. तो खिडकीतून बाहेरही बघत नव्हता. आपल्या दोन्ही हातांच्या तळव्यांकडे बघत बसला होता, पवई येईपर्यंत.

घरी आल्यावर, वन्सं गेल्यावर, मी यांना विचारलं, मग माझी काय होती? म्हणाले, तुझं वेगळं. मी म्हटलं, काय वेगळं? तेव्हा हा माणूस खुर्चीत बसला आणि रडला. म्हणाले, सुगंधा, रोज संध्याकाळी जिना चढताना मी आधी आपल्या दाराशी गर्दी नाही ना ते बघतो. सत्तावीस वर्षं बघतोय. माझ्या मुलाने कशाला हा जिना चढायचा? मला हे ठाऊकच नव्हतं. भीती माझ्या एकटीची आहे असं मी समजून चालले होते. आता सांग, या माणसावर मी रागावू कशी, आणि न रागावू तरी कशी?

विद्याधर तेव्हापासून तुझ्याबद्दल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मुलुंडला कामावर जातो, येतो, जेवतो. काल मी भाकरी थापत होते तेव्हा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, तू पडतेस तेव्हा मऊ पडतेस की ताठ? इतक्या वेळा मी धरलंय तुला. मला आठवायला हवं ना? पण आठवत नाही." मी म्हटलं, सर बाजूला, भाकरी करपेल. तो बाजूला झाला. भाकरी करपलीच. माझ्या मुलाने मला आयुष्यात पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला आणि मी त्याला सर म्हटलं. त्याला सगळं ठाऊक आहे गं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय. आणि मला भीती ही, की ऐकल्यावर तो मला काय समजेल. आजारी आई त्याने सांभाळली. त्याच्याशी खोटं बोललेली आई त्याने अजून बघितलेली नाही. वेड्यासारखं असंही मनात येतं, की हे कायद्याचं बोलले ते मलाही लागू होतं का? मग माझं मलाच हसू येतं. सत्तावीस वर्षांनी मला माहेरी पाठवायचं तर माहेर उरलंय कुठे?

रविवारी तुझे बाबा आमच्याकडे येणार आहेत. डॉक्टरची चिठ्ठी आणणार आहेत, असा निरोप आलाय. त्या चिठ्ठीत फेंट लिहिलेलं असेल हे मी न वाचता सांगते. ती यांच्या हातात पडली की हे चष्मा लावतील, तुझे बाबा मान खाली घालतील, आणि पाच मिनिटांत तुझी सोयरीक मोडून चहा येईल. नाहीतर उलटं होईल, विद्याधर हट्टाला पेटेल, सगळे ती चिठ्ठी खरी धरतील, आणि तू सुंठीचा डबा घेऊन या घरात येशील. यातलं जास्त भयंकर कोणतं, ते मी रविवारपासून ठरवतेय. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते. या घरात एक बाई बादली लावून न्हाते, तेवढं पुरे आहे. म्हणून तूही ये. बाप आणि भाऊ पुरे, असं घरचे म्हणतील, तरी ये. तुझ्याबद्दल मी तिथे अवाक्षर बोलणार नाही. ते तुझं आहे, तुला वाटलं तर तू सांग, नाही वाटलं तर नको सांगूस. त्यानंतर विद्याधरने तुला नको म्हटलं, किंवा तूच त्याला नको म्हटलंस, तरी मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण दाखवणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. रविवारी, चिठ्ठी यांच्या हातात पडायच्या आधी, मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, की मला येते ती फीट, लग्नाच्या आधीपासून येते, आणि ती कोणत्याही इंग्रज बाईची नाही, माझी आहे. हे मी याआधीही ठरवलं होतं. विद्याधर एस.एस.सी. झाला तेव्हा, तो नोकरीला लागला तेव्हा, तुला बघायला आलो तेव्हाही. दर वेळी ऐनवेळी मी दुसरंच काहीतरी बोलून गेले. एकटीने ठरवलेलं एकटीला मोडता येतं. म्हणून तुला लिहून टाकलं. हे पेटीत पडलं, की त्या खोलीत एक माणूस तरी असं असेल, जे मी कधी बोलते याची वाट बघत बसलेलं असेल. मग मला पळता यायचं नाही. रविवारपासून डोळ्याला डोळा नाही, आणि जागरण मला सोसत नाही हे तुला सांगायला नको. बोलता बोलता तिथेच पडेनही. पडले तर घाबरू नकोस. विद्याधर काय करायचं ते करील. कोणी कांदा आणायला उठलं तर त्याला खाली बसव. आणि विद्याधर सवयीने म्हणेल, दार लावा. तेवढं मात्र होऊ देऊ नकोस गं. तू दाराशी बस, आणि ते सताड उघडं ठेव.

तुझीच,
सुगंधा